आस्थापना टेबल मिळालाय? आधी सेवापुस्तकं हातात घ्या

पंचायत समितीत किंवा झेडपीत नवीन कनिष्ठ सहायक म्हणून लागलात आणि कामवाटपात आस्थापना टेबल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार, रजा, बदल्या, निवृत्ती यांचे कागद बघणारा टेबल, तुमच्या वाट्याला आला की दोन प्रकारचे लोक भेटायला येतात. एक म्हणतात मजा आहे बुवा, आता अख्खा तालुका तुला नमस्कार घालणार, आणि दुसरे म्हणतात मेलास, लवकरात लवकर टेबल बदलून घे. दोघांचंही ऐकू नका. टेबल अवघड नाहीये, फक्त इथलं काम लगेच दिसत नाही. बांधकाम विभागात रस्ता झाला नाही तर लोक दुसऱ्या दिवशी ओरडतात, आस्थापनेत २०११ साली राहिलेली एक नोंद २०३१ साली ओरडते, आणि तेव्हा तुम्ही भलत्याच तालुक्यात असता. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे, ऑर्डर आली की नोंद त्याच आठवड्यात सेवापुस्तकात, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अख्ख्या नोकरीचा हिशोब असलेल्या पुस्तकात, गेली पाहिजे. बाकी सगळं शिकता येतं.

आधी नियम कुठले लागतात ते बघून घ्या, कारण इथे जुनेजाणते पण गडबड करतात. वेतन, रजा आणि सेवेच्या सर्वसाधारण शर्ती यासाठी आपण महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९८१ चे संच वापरतो, निवृत्तिवेतनाला १९८२ चे. पण जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यावर कारवाई करायची असेल तर नोटीशीत १९७९ चे शिस्त व अपील नियम टाकायचे नाहीत, ते राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे. आपल्याकडे जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम १९६४ आणि वर्तणुकीला १९६७ चे नियम. बीडीओ साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, मात्र राज्य शासनाचे अधिकारी, त्यांना १९७९ चे. चुकीचा नियम टाकलेली नोटीस पुढे अपिलात फाडून टाकतात आणि मग सगळे टेबलाकडे बघतात. नगरपरिषदेत असाल तर तुमचा अधिनियम १९६५ चा आणि काही नियम वेगळे, पण सेवापुस्तक, रजा, वेतनवाढ हा भाग जवळपास सारखाच चालतो.

चार्ज घेताना

आधीचा माणूस घाईत असतो, त्याला कार्यमुक्त व्हायचं असतं, तो तुम्हाला एका पानाची यादी देतो आणि म्हणतो कर सही, सगळं कपाटात आहे. सही करा पण मोजून. या महिन्याचं पगारपत्रक काढा, त्यातलं एकेक नाव घ्या आणि त्या नावाचं पुस्तक समोर आहे का बघा. जे नाही त्याची वेगळी यादी करा आणि चार्ज यादीतच लिहा, की अमुक इतकी पुस्तकं आढळली नाहीत. बहुतेक वेळा ती हरवलेली नसतात, वेतन पडताळणीला गेलेली असतात, किंवा झेडपीच्या वित्त विभागात पडून असतात, किंवा कर्मचारी दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलाय आणि त्याचं पुस्तक अजून तिकडंच आहे. उलट पण असतं. कधीच बदलून गेलेल्या गुरुजींचं पुस्तक तुमच्या कपाटात धूळ खात असतं आणि तिकडे त्यांची वरिष्ठ श्रेणी अडकलेली असते. ते सापडलं की त्याच दिवशी पत्रासोबत पाठवून द्या.

याच वेळी एक हालचाल रजिस्टर चालू करा, नसेल तर. साधी वही चालते. कुठलं पुस्तक, कोणाकडे, कोणत्या कामाला, कोणत्या तारखेला गेलं, परत कधी आलं, घेणाऱ्याची सही. एवढंच. आणि एक नियम स्वतःला लावून घ्या, सेवापुस्तक कर्मचाऱ्याच्या हातात बाहेर जाणार नाही. बघायचंय तर टेबलावर बसून बघा, फोटो काढायचाय तर काढा, झेरॉक्स पाहिजे तर अर्ज द्या. एखादे भाऊसाहेब म्हणतील मी स्वतःच झेडपीला नेऊन देतो की, लवकर काम होईल. होईल खरं, पण वाटेत काय होतं ते कोणी सांगू शकत नाही, आणि मूळ सेवापुस्तक गहाळ झालं की पुन्हा नवीन तयार करायचं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची पगारबिलं चार तालुक्यांतून गोळा करत फिरणं.

मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं हे तीन आकडे संवर्गनिहाय एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. झेडपीतून फोन आला की हेच विचारतात, आणि तेही दहा मिनिटांत माहिती द्या म्हणून.

पहिलं पान

सेवापुस्तकाचं पहिलं पान म्हणजे नाव, जन्मतारीख, जात, शिक्षण, उंची, ओळखीची खूण, सही, अंगठा. हे पान रुजू होताना भरलं की परत कोणी बघत नाही. खरं तर त्या पानावरच छापलेलं असतं की नोंदी दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित करायच्या. एकदा निवांत बसून सगळी पुस्तकं उघडा आणि फक्त पहिलं पान बघत चला, किती ठिकाणी साहेबाची सही नाही, जन्मतारीख फक्त अंकात आहे आणि अक्षरात नाही, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि पुस्तकातलं नाव यात एका वेलांटीचा फरक आहे, ते लक्षात येईल. या फरकाला हसू नका, निवृत्तीच्या वेळी आधार, पॅन, बँक पासबुक आणि सेवापुस्तक चारही ठिकाणी नाव जुळावं लागतं.

जन्मतारखेच्या रकान्यात खाडाखोड दिसली तर स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका. व्हाइटनर तर कुठल्याच पानावर नको. चुकलेली नोंद एका सरळ रेघेने खोडायची, वाचता आली पाहिजे अशी, शेजारी बरोबर नोंद आणि त्यावर कार्यालय प्रमुखाची सही शिक्का. जन्मतारीख बदलायचा अर्ज सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच करावा लागतो, त्यामुळे निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना कोणी शाळेचा नवीन दाखला घेऊन आलं तर त्याला चहा पाजा, अर्ज आवक करून घ्या, नियम दाखवा आणि फाईल वर सादर करा. तोंडी नाही म्हणू नका आणि तोंडी हो तर अजिबात म्हणू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमचं पण तेच, आधी कागद आणि मंजुरी, मग नोंद. जुनं नाव खोडून नवीन लिहायचं नसतं, नवीन नोंद घ्यायची असते, कारण आधीची सगळी बिलं जुन्या नावाची आहेत.

नियुक्तीच्या वेळची कागदपत्रं हा पुढचा भाग, आणि इथे थोडा वेळ घालवा. शैक्षणिक कागदपत्रं, टंकलेखन, संगणक अर्हता, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, आणि राखीव जागेवरचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. नुसतं "कागदपत्रे तपासली" असं लिहून उपयोग नाही, प्रत्येकाचा क्रमांक, दिनांक आणि कोणी दिलं ते लिहा. जात वैधतेचा कायदा २००० सालचा आहे, त्याच्या आधी लागलेल्या लोकांच्या पुस्तकात बऱ्याचदा फक्त जातीचा दाखला असतो, वैधता नसते, ती नावं वेगळी काढून ठेवा कारण पदोन्नतीच्या वेळी तोच प्रश्न पहिला येतो.

आणि जाहिरात. ही गोष्ट आता फार महत्त्वाची झालीय. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेला माणूस जुन्या पेन्शनमध्ये नाही, त्याला आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस, म्हणजे पगारातून वर्गणी कापली जाणाऱ्या पेन्शन योजना. पण २०२४ साली शासनाने पर्याय दिला की ज्यांची जाहिरात त्या तारखेच्या आधीची आहे आणि नियुक्ती नंतरची, त्यांना जुन्या पेन्शनचा विकल्प घेता येईल. तेव्हा सगळीकडे एकच धावपळ, जाहिरातीचा कागद कुठाय. कोणाच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, निवड यादीच्या फाईली अभिलेख कक्षात कुठल्या तरी गठ्ठ्यात. ज्याच्या नियुक्ती आदेशात जाहिरातीचा संदर्भ होता त्याचं काम सरळ झालं, बाकीचे झेडपीच्या जिन्यावर बसून होते. म्हणून नवीन माणसाची पहिली नोंद घेताना जाहिरात क्रमांक आणि दिनांक लिहाच, कोणी मागितलं नाही तरी. पुढे कुठल्या तारखेला महत्त्व येईल ते आज आपल्याला माहीत नसतं.

नोंद कशी लिहायची

वाईट नोंद अशी असते, "वेतनवाढ दिली." चांगली नोंद अशी, "मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती अमुक यांचे आदेश क्र. अमुक दि. अमुक अन्वये दि. ०१/०७/२०२३ पासून वार्षिक वेतनवाढ मंजूर, मूळ वेतन रु. १९९०० वरून रु. २०५००, वेतनस्तर एस-६." कोणी, कोणत्या क्रमांकाने, कधी, कधीपासून, किती. हे पाच प्रश्न सुटले पाहिजेत. हजर आणि कार्यमुक्तीच्या नोंदीत मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर हे पण, कारण एका अर्ध्या दिवसावरून सेवेत खंड दिसतो.

सही कार्यालय प्रमुखाची. लिपिकाने लिहायचं, साहेबाने साक्षांकित करायचं, आणि खरी अडचण इथेच असते कारण साहेबांना कधी मीटिंग, कधी व्हीसी, कधी दौरा. तुम्ही एकेक पुस्तक घेऊन केबिनबाहेर उभे राहिलात तर वर्ष जाईल. आठवड्याचा एक वार ठरवा, त्या आठवड्यात झालेल्या सगळ्या नोंदींची पुस्तकं एकावर एक, सहीच्या जागी कागदाची पट्टी, वर एक यादी. दहा मिनिटांत वीस सह्या होतात. साहेबांना पान शोधायला लावलं की ते म्हणतात ठेवून जा, आणि ठेवून गेलेलं पुस्तक परत कधी येईल याची गॅरंटी नाही. साहेबांची बदली झाल्याची ऑर्डर आली तर त्याच दिवशी सगळ्या राहिलेल्या सह्या घ्या. नवीन साहेब जुन्या काळातल्या नोंदीवर सही करत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

वेतनवाढ

सातव्या वेतन आयोगात, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून, वेतनवाढीच्या दोन तारखा झाल्या, १ जानेवारी आणि १ जुलै. माणसाला वर्षातून एकदाच मिळते, कुठली ते त्याच्या नियुक्ती किंवा पदोन्नतीच्या तारखेवरून ठरतं, आणि मध्ये किमान सहा महिन्यांची सेवा लागते. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे वेतनस्तरांच्या छापील तक्त्यात, आपल्याच स्तरातला खालचा पुढचा आकडा घ्यायचा, कॅल्क्युलेटरने तीन टक्के काढून रक्कम टाकायची नाही. १९९०० चे तीन टक्के मिळवले तर २०४९७ येतात, मॅट्रिक्समध्ये २०५०० आहे, तेच लिहायचं.

वेतनवाढ देण्याआधी दोन गोष्टी बघा, मधल्या काळात असाधारण (बिनपगारी) रजा आहे का आणि कुठल्या शिक्षेत वेतनवाढ रोखलीय का. वैद्यकीय कारण नसलेली असाधारण रजा असेल तर वेतनवाढीची तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. हे न बघता सरसकट पन्नास जणांची ऑर्डर टाइप केली की एखाद्याला जास्तीचा पगार जातो, आणि तो जास्तीचा पगार निवृत्तीच्या वेळी पडताळणीत सापडतो. मग वसुली, मग कोर्ट. सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या रफिक मसीह प्रकरणात सांगून ठेवलंय की वर्ग तीन-चारच्या माणसाकडून, किंवा निवृत्त झालेल्या वा वर्षभरात होणाऱ्याकडून अशी वसुली करायची नाही. मग ती रक्कम कोणाच्या चुकीने गेली हा प्रश्न येतो आणि ऑर्डरच्या कार्यालयीन प्रतीवर आद्याक्षरी कोणाची आहे ते बघितलं जातं.

पदोन्नती झाली की विकल्प एका महिन्यात घ्यायचा असतो, वेतननिश्चिती पदोन्नतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून. कर्मचाऱ्याला हे माहीत नसतं. ऑर्डरसोबतच विकल्पाचा कोरा नमुना द्या आणि पोच घ्या. कशात फायदा आहे ते दोन्ही बाजूंनी गणित करून दाखवलंत तर उत्तमच, पण निर्णय आणि सही त्याची. १०, २० आणि ३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना, म्हणजे पदोन्नती न मिळालेल्याला वरचं वेतन देणारी योजना, हा वेगळाच मोठा विषय आहे, इथे फक्त एवढंच की कोण कधी पात्र होतोय त्याची यादी तुमच्याकडे तयार पाहिजे, माणसाने येऊन आठवण करायची वेळ येऊ नये.

रजेचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथे. अर्जित रजा, म्हणजे सेवा करून कमावलेली पगारी रजा, वर्षाला ३० दिवस, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ आगाऊ जमा करायच्या. साठा ३०० दिवसांपर्यंत. सहामाहीच्या मध्येच लागलेल्याला पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला अडीच दिवस. आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असेल तर तिचा एक दशांश वजा करून जमा करायचं, म्हणजे ४० दिवस असाधारण असेल तर १५ ऐवजी ११. हा एक दशांश लोक विसरतात, मी बघितलेल्या पुस्तकांत तरी सर्रास विसरलेला असतो.

अर्धवेतनी वर्षाला २०, ती पण दोन हप्त्यांत दहा-दहा. परिवर्तित रजा म्हणजे वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनीची पूर्णवेतनी केलेली, दहा दिवस परिवर्तित घेतली की खात्यातून वीस अर्धवेतनी जातात. प्रसूती रजा १८० दिवस, ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही पण नोंद पाहिजेच. नैमित्तिक ८ दिवस, तिचा सेवापुस्तकाशी संबंध नाही, तिचं वेगळं रजिस्टर. शिक्षकांना दीर्घ सुट्ट्या असतात त्यामुळे त्यांच्या अर्जित रजेचा हिशोब वेगळा, तो ग्रामसेवकाच्या, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हिशोबासारखा करू नका.

हे सगळं काटेकोर का, तर निवृत्तीच्या दिवशी शिल्लक असलेल्या अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात. रजेच्या खात्यातला एक दिवस म्हणजे एका दिवसाचा शेवटचा पगार अधिक महागाई भत्ता. तुम्ही २०१५ मध्ये दहा दिवस चुकीचे कापलेत तर त्या माणसाच्या खिशातून तेवढे गेले.

रजेवर गेलेला माणूस परत आला, हजर झाला, पगार चालू झाला, पण रजा मंजुरीची ऑर्डरच निघाली नाही, असं भरपूर ठिकाणी असतं. अर्ज कुठल्या तरी फाईलला टाचलेला असतो. वर्षातून एकदा हजेरीपत्रक आणि रजेचं खातं समोरासमोर ठेवून ताळा करा. विनापरवानगी गैरहजेरी असेल तर ती कशी धरायची याचा आदेश घ्या, असाधारण रजा, की आणखी काही. निलंबनाचं पण तसंच. निलंबन संपून माणूस परत कामावर येतो, सगळ्यांना वाटतं विषय संपला, पण निलंबन काळ कर्तव्य काळ धरायचा की नाही हा आदेश निघाल्याशिवाय पुस्तकात ते भोक तसंच राहतं आणि पंधरा वर्षांनी पेन्शन प्रकरण त्याच पानावर थांबतं.

वार्षिक पडताळणी

दरवर्षी एप्रिल-मे मध्ये, मागच्या आर्थिक वर्षाची सेवा पगारबिलावरून तपासून "दि. १/४ ते ३१/३ पर्यंतची सेवा वेतन देयकावरून पडताळली" असा दाखला आणि साहेबाची सही. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही. पण बिलं ताजी असताना एका पुस्तकाला पाच मिनिटं लागतात, आणि वीस वर्षांनी तेच करायला गेलं की बिलं वाळवीने खाल्लेली असतात. त्याच वेळी कर्मचाऱ्याला पुस्तक दाखवून त्याची सही घ्या आणि त्याच्याकडचं दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची स्वतःची प्रत, मागवून तेही भरून द्या. दुय्यम पुस्तक बऱ्याच जणांनी लग्नाच्या अल्बमसोबत कपाटात ठेवलेलं असतं आणि त्यात नियुक्तीनंतरचं एक अक्षर नसतं.

नामनिर्देशन पण याच फेरीत बघा. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), गट विमा, एनपीएस, प्रत्येकाचं वेगळं. लग्नाआधी लागलेल्या पोराने आईचं नाव दिलेलं असतं आणि आता त्याला दोन मुलं आहेत. कर्मचारी अचानक गेला की घरचे दोन गट तुमच्या टेबलासमोर उभे राहतात, तेव्हा फक्त कागद बोलतो. अशा घरी फॅमिली पेन्शनसोबत अनुकंपाची, म्हणजे गेलेल्याच्या जागी वारसाला मिळणाऱ्या नोकरीची, माहिती पण लेखी द्या आणि पोच घ्या, तिथे मुदती असतात आणि दुःखात कोणाला ते सुचत नाही.

बदली झाली की

मे महिन्यात बदल्या, जूनमध्ये गोंधळ. कार्यमुक्त करायच्या आधी पुस्तक अद्ययावत, रजा शिल्लक लिहून सही, अंतिम वेतन प्रमाणपत्रात चालू कपाती आणि अग्रीमाचे राहिलेले हप्ते. मग पुस्तकाची पूर्ण स्कॅन किंवा झेरॉक्स आपल्याकडे ठेवून मूळ पुस्तक शिपायासोबत, पोच घेऊन. मोबाईलवर स्कॅन केलंत तरी चालतं, पण मग ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाका, तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये राहिलं तर तुमच्या बदलीनंतर त्याचा कोणाला उपयोग. आंतरजिल्हा बदलीत तर हे जास्तच पाळा, तिकडून पुस्तक परत मागवायचं म्हणजे पत्रव्यवहाराचं वर्ष.

निवृत्ती

पुढच्या चोवीस महिन्यांत कोण निवृत्त होतंय ती यादी कायम भिंतीवर. वर्ग तीनला ५८, वर्ग चारला ६०, महिन्याचा शेवटचा दिवस. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. ही तारीख आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावी लागते, कारण पूर्वी शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून टाकून दिलेली आहे, त्यामुळे ते सगळे ३१ मेला निवृत्त. एकाच मांडवात पाच-सहा सत्कार आणि तुमच्या टेबलावर तेवढीच पेन्शन प्रकरणं. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना १ जुलैची वेतनवाढ निवृत्तिवेतनापुरती काल्पनिक धरण्याचा निर्णय २०२३ मध्ये झालाय, ती नोंद राहू देऊ नका.

प्रकरण करायला घेतलं की पुस्तकाचं पान न् पान वाचा आणि त्रुटींची एक यादी करा, सही नाही, पडताळणी नाही, रजा मंजुरी नाही, निलंबन काळाचा आदेश नाही. ज्या तालुक्यातली त्रुटी तिथे पत्र, आणि पत्रासोबत त्या पानाची झेरॉक्स, म्हणजे तिकडच्या क्लार्कला काय पाहिजे ते एका नजरेत कळतं. नुसतं "त्रुटीपूर्तता करून मिळावी" लिहिलंत तर ते पत्र प्रलंबितच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं. दोन वर्षं आधी सुरू केलं तर हे सगळं आरामात होतं, सहा महिने आधी सुरू केलं तर माणूस निवृत्त होऊन तुमच्या दारात खेटे घालतो, आणि तोच माणूस कालपर्यंत तुमच्या शेजारच्या टेबलावर बसत होता.

दप्तराबद्दल थोडंसं

सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे दप्तरातले कागद सहा प्रकारांत वेगळे बांधून ठेवायची पद्धत, सगळ्यांना तोंडपाठ असते आणि कपाट उघडलं की एकच गठ्ठा असतो. निदान स्थायी आदेशांची संचिका नीट ठेवा, विषयवार, रजा, वेतन, बदली, पेन्शन, आणि वर अनुक्रमणिका. जीआर, म्हणजे शासन निर्णय, व्हॉट्सअॅपवर आला की लगेच टिपणीत टाकू नका, त्यावरचा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढा. फिरणाऱ्या पीडीएफमध्ये कधी शेवटचं पान नसतं, कधी तो पुढच्या जीआरने रद्द झालेला असतो, आणि तो राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांपुरता आहे की जिल्हा परिषदेला पण लागू आहे हे तर शेवटच्या परिच्छेदातच कळतं.

माहिती अधिकारात दुसऱ्याचं सेवापुस्तक मागणारे अर्ज येतात, बहुतेक वेळा भाऊबंदकी किंवा नवराबायकोची कोर्टकेस. घाबरून देऊ नका आणि घाबरून नाकारू पण नका. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अशी माहिती व्यक्तिगत धरलेली आहे, पण निर्णय जनमाहिती अधिकाऱ्याचा असतो, तुम्ही ३० दिवसांची मुदत डोळ्यासमोर ठेवून टिपणी वेळेत सादर करा.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक येतं किंवा पंचायत राज समितीचा दौरा लागतो तेव्हा सगळं ऑफिस रात्री दहापर्यंत बसून मागच्या तीन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने लिहितं. एकच शाई, एकच अक्षर, एकाच दिवसाचा दाब, हे ऑडिटरला पान उलटताच कळतं आणि मग तो त्याच पुस्तकाचे आदेश मागतो. दौऱ्याचं पत्र आल्यावर राहिलेल्या नोंदी घ्यायच्याच असतील तर घ्या, पण मागची तारीख टाकू नका, आजची तारीख टाका, साहेबांची आजची सही घ्या आणि नोंदीखाली मूळ आदेशाचा क्रमांक द्या. उशिरा घेतलेल्या नोंदीवर शेरा येतो, त्याचं अनुपालन देता येतं. मागच्या तारखेच्या नोंदीवर खुलासा मागवतात.